पागधरे सरांना जमत नाही

आमच्या तालुक्यातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दामोदर पागधरे रोज संध्याकाळी सातच्या सुमारास आपलं अज्ञान जाहीर करायचे. कोणी गुलाबाची फुलं टाको, कोणी सुविचार टाको, सात वाजले की सरांचा प्रश्न हजर.

"प्रश्न: दुसरीच्या मुलांना हातच्याची बेरीज कशी समजवावी? मला जमत नाही. कोणी सांगेल का? आपला, दा. ना. पागधरे, जि. प. शाळा, ता. तलासरी."

सरांची तीस वर्षांच्या वर नोकरी झाली होती. तीस वर्षं शिकवून ज्याला हातचा येत नाही, तो माणूस ते गावभर सांगत का सुटतो, हे कोणाला कळत नव्हतं. लोक हसायचे. मला मात्र हसू येत नव्हतं, कारण आमची शाळा दोनच शिक्षकांची. तिसरी-चौथी सरांकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. म्हणजे दुसरीचा वर्ग माझा, आणि हातचा येत नाही अशी जाहिरात सरांची. लोकांना काय वाटणार? तालुक्याच्या मीटिंगला गेले की एखादी मैत्रीण खांद्यावर हात ठेवून विचारायची, "चुरी मॅडम, तुमच्याकडे हातच्याचं कसं काय चाललंय?" अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मी एकदा सरळ विचारलं. "सर, पलीकडच्या वर्गात मी बसलेली असते. हातचा मला विचारला असता तर मी काय नाही म्हटलं असतं?"

सर शांतपणे म्हणाले, "डोल लावलीय मॅडम. भरती येऊ दे."

सर मूळचे वाढवणचे, मासेमारांच्या घरातले. डोल म्हणजे समुद्रात खुंटांना बांधून ठेवलेलं जाळं. ते लावायचं आणि घरी यायचं. पाणी येतं-जातं, मासळी आपोआप अडकते. सरांच्या लेखी ग्रुप म्हणजे डोल. त्यांच्या घरात समुद्रावर न जाता पगार घेणारे ते पहिलेच, पण पँट कायम पोटरीपर्यंत दुमडलेली. शाळेच्या अंगणात सुद्धा ते होडीतून उतरल्यासारखे जपून पाऊल टाकायचे. आठवडाभर तलासरी नाक्यावरच्या भाड्याच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी वाढवणला भावाकडे जायचे. सोमवारी येताना माझ्यासाठी कागदात बांधून सुके बोंबील आणायचे, आणि मग दिवसभर आमच्या कार्यालयात शिक्षणाचा वास टिकत नसे. लग्न केलेलं नव्हतं. नवीन कोणी चौकशी केली तर म्हणायचे, "जमलं नाही." एवढं बोलून चष्मा पुसत बसायचे.

तो काळच वेगळा होता. दोन हजार पंधराच्या आगेमागे सगळ्या मास्तरांच्या हातात मोठे फोन आले आणि ज्ञान वाटण्याची साथ आली. इकडून चाचण्या, तिकडून तक्ते, कवितांच्या चाली, कागदाचे बेडूक. एक पैसा न घेता सोलापूरचा मास्तर आपलं डोकं तलासरीला पाठवत होता, हे खरोखर चांगलं होतं. पण आम्ही शिक्षक. आमची सही झाल्याशिवाय आमचं समाधान होत नाही. बेरजेच्या तक्त्यावर निर्मात्याचं नाव, शाळा, फोटो आणि फोटोच्या मागे उगवता सूर्य. एका गुरुजींनी तर गणिताच्या पानावर स्वतःचं नाव असं आडवं छापलं होतं, की खालचे आकडे दिसेनात. मुलांनी ते नावच पाढ्यासारखं वाचून दाखवलं.

आणि सगळे वाटत काय होते? उत्तरं. दोनशेच्या वर माणसं, प्रत्येकाच्या हातात उत्तर, आणि विचारणारा कोणी नाही. मास्तरानं विचारायचं म्हणजे काय, आपली पत घालवायची? त्यातून ग्रुपवर साहेब लोक. मग सात वाजता पागधरे सरांचा प्रश्न पडला की सगळे तुटून पडायचे. "सर, एकदम सोपं आहे." "सर, इतकं कसं नाही कळलं?" "सर, खालील व्हिडिओ तीन वेळा बघा." कोणी चिंचोके घ्यायला सांगे, कोणी काड्यांचे गठ्ठे. आमच्या ग्रुपवरचा प्रश्न कोणीतरी दुसऱ्या जिल्ह्याच्या ग्रुपवर टाकायचं, तिथून आणखी कुठे जायचा. पार गडचिरोलीच्या एका बाईंनी सरांना स्वतः फोन करून दहा मिनिटं समजावलं होतं, आणि शेवटी, "काळजी करू नका, येईल हळूहळू," असा धीर दिला होता.

प्रश्न तरी कसले कसले असायचे. "वीटभट्टीवर गेलेली मुलं परत आल्यावर त्यांना कुठून सुरुवात करावी?" "एक मुलगी वर्गात बोलतच नाही, घरी खूप बोलते म्हणतात, काय करावं?" "मुलानं पेन्सिलीचं टोक नाकात घातल्यास प्रथम काय करावं?" एकदा तर भर दुपारी, सातची वेळ सोडून, सरांनी विचारलं होतं, "ग्रुपवर चुकून टाकलेला मेसेज परत घेता येतो का? मला जमत नाही. तातडीचे." मी वर जाऊन सगळं तपासलं. सरांनी त्या दिवशी ग्रुपवर काहीच टाकलेलं नव्हतं. मला वाटलं, वय झालं.

आलेली उत्तरं सर नुसती वाचून ठेवत नसत. ती ते खरोखर करून बघत. त्यासाठी दुपारच्या सुट्टीत एक विधी असे. शाळा अच्छाडच्या बाजूला, पाड्याच्या उतारावर. तिथे फोनला रेंज नाही. घोलवडला आमची चिकूची वाडी आहे. तिथून मी एकदा उंचावरचे चिकू काढायची काठी आणली होती, लांब बांबू आणि टोकाला जाळी. शाळेतली जांभळं काढायला आणली, ती सरांनी पळवली. जाळीत फोन ठेवायचा आणि काठी कौलांच्या वर धरून उभं राहायचं. सगळ्यात आधी गुजरातच्या टॉवरचा मेसेज यायचा, आपलं स्वागत आहे म्हणून. काठी थोडी उजवीकडे झुकवली की महाराष्ट्र यायचा. वरून टिंग टिंग आवाज यायला लागले की खाली पोरं ताटं हातात घेऊन बघत उभी. खिचडी शिजवणाऱ्या सोनीबाई चुलीपासून ओरडून विचारायच्या, "गुरुजी, गुजरात गेला काय?"

"गेला," सर सांगायचे, आणि फोन खाली उतरवून उत्तरं वाचायचे.

मग प्रयोग. आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्याचा प्रामाणिक अहवाल. "चिंचोक्यांची पद्धत करून बघितली. मुलांनी अर्धे चिंचोके चुलीत भाजून खाल्ले. उरलेल्यांत हातचा नीट आला. आभारी आहे." "बोलत नसलेल्या मुलीला पाणी वाटायचं काम दिलं. बोलली नाही, पण हसली. आभारी आहे." ग्रुपवर एवढं टाकलं की सर खुशीत. कोण हसतंय, कोण टोमणे मारतंय, त्याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. मला होतं. मी त्या ग्रुपवर कधीच काही विचारलं नाही. विचारायचं होतं बरंच, पण चुरी मॅडमना येत नाही हे कोणी म्हटलेलं मला चाललं नसतं.

आता यात आले केंद्रप्रमुख. म्हणजे आमच्या दहा-बारा शाळांवरचे साहेब. माणूस वाईट नव्हता, पण आपल्या हाताखाली अज्ञान आहे ही गोष्ट त्यांना सहन होत नसे. स्वतः ग्रुपवर फार कमी बोलायचे. त्यांचा सगळ्यांच्या लक्षात राहिलेला एकच मेसेज होता, तो सूचनांच्या मधेच आला होता: "तुझी आई अजून किती दिवस राहणार आहे?" तो बायकोला जायचा होता. दोनशे शिक्षकांनी वाचला आणि एकानंही उत्तर दिलं नाही.

तर या साहेबांनी महिन्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं, "पागधरेंचे प्रश्न आता बाहेरच्या जिल्ह्यांत फिरतायत. मला तिकडून फोन येतात, तुमच्याकडे शिक्षकांना हातचा येत नाही का म्हणून. तालुक्याचं नाक कापलं गेलंय. मी शाळा तपासायला येणार. गुणवत्ता दिसली नाही तर तसा शेरा लिहीन. आणि ग्रुपवरूनही नाव कमी करायला सांगतो."

सरांच्या निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं. इतकी वर्षं स्वच्छ गेलेल्या नोकरीच्या शेवटाला खराब शेरा. सरांना मी परतताना गाडीवर बजावलं, "उद्याच्या उद्या साहेबांना फोन करा आणि सांगा, मला हातचा येतो. तुम्हाला येतो सर, मी भिंतीपलीकडून रोज ऐकते. मग का विचारत बसता?"

सर मागच्या सीटवर छत्री धरून बसले होते. म्हणाले, "शेऱ्याचं काही नाही मॅडम. ग्रुपवरून काढलं तर पंचाईत."

मला त्यांचा इतका राग आला की मी पुढच्या खड्ड्यात गाडी मुद्दाम सावकाश घेतली नाही.

तपासणीच्या दिवशी साहेब सकाळीच आले. फळ्याच्या बाजूला खुर्ची टाकून बसले. दोन्ही वर्ग एकत्र बसवले होते. साहेब म्हणाले, "पागधरे, हातच्याची बेरीज शिकवून दाखवा." सरांनी खिशातून चिंचोके काढले. ते बघताच पोरांचे चेहरे उजळले आणि एकानं विचारलं, "गुरुजी, भाजायचे?" साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी भिंतीला टेकून उभी.

सर शिकवत होते तसे नेहमीसारखे, घाई न करता. पण साहेबांनी मनाशी ठरवूनच टाकलेलं होतं. मधेच थांबवून म्हणाले, "हे सगळं ग्रुपवरच्या लोकांनी सांगितलेलं. तुमचं स्वतःचं काय आहे यात?"

"माझं काही नाही साहेब," सर म्हणाले. खरंच म्हणाले. मी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. म्हणजे शिक्षिका, पण मुलगीच. घामाघूम, चपलांना लाल माती. पूनम ढगे. परभणीकडची, आमच्याच तालुक्यात डोंगराकडच्या एका शाळेवर नवीन लागलेली. ग्रुपवर तपासणीची बातमी वाचून ती रजा टाकून आली होती, दोन गाड्या बदलून आणि नाक्यापासून चालत.

"साहेब, मी सांगू का," ती दारातूनच बोलायला लागली. "हातचा माझा होता."

साहेबांना कळेना. मलाही कळेना.

"मलाच येत नव्हतं शिकवायला. पोरं नुसती बघत बसायची माझ्याकडं. ग्रुपवर कसं विचारणार? नोकरी पक्की व्हायची अजून. लोक म्हणले असते, हिला काय घेतलं. मग मी सरांना फोन केला, की तुम्ही सांगा. तर सर म्हणले, मला येतं ते सांगतो, पण शंभर जणांना विचारलं तर शंभर रीती मिळतील, थांब. आणि सात वाजता स्वतःच्या नावानं टाकला. तो पेन्सिलीचा पण माझाच होता. आमच्याकडच्या नवीन पोरींचे सगळ्यांचेच असतात. कोणाला नडलं की सरांना फोन."

सर मात्र भलत्याच काळजीत. "पूनम, तू इकडे आलीस, तर तुझा वर्ग कोण बघतंय?"

साहेबांनी खुर्ची जरा पुढे घेतली. "म्हणजे तुमचे ते प्रश्न… सगळे दुसऱ्यांचे?"

"बरेचसे," सर म्हणाले.

"कोणाकोणाचे?"

"ते सांगायला मला जमत नाही साहेब."

मी त्या वेळी साहेबांच्या तोंडाकडे बघत होते. ते आधी लाल झालं, मग उतरलं, मग त्यांनी रुमालानं मान पुसली आणि सोनीबाईंना चहा ठेवायला सांगितला. मग वही उघडली, आधी लिहिलेलं खोडलं आणि लिहिलं, शाळा समाधानकारक. जाताना मोटारसायकलला किक मारायच्या आधी सरांच्या जवळ जाऊन अगदी हळू म्हणाले, "पागधरे, त्या दिवशीचं… ते कोणाला बोलला नाहीत. बरं केलंत." हळू म्हणाले, पण पहिली-दुसरीच्या बाईचे कान असतात. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की चुकून टाकलेला मेसेज परत घेण्याची तातडी कोणाला होती.

साहेब गेल्यावर मी सरांना फैलावर घेतलं. "साहेब तुम्हाला घालूनपाडून बोलले, नाक कापलं म्हणाले, आणि त्यांचाच प्रश्न तुम्ही विचारला होता. सांगायचं नाही तोंडावर?"

"त्यांच्या सासूबाई चांगल्या आहेत हो," सर म्हणाले, "वाईट वाटलं असतं त्यांना."

मग जरा वेळानं, पूनमला नाक्यावर सोडून परत येताना, सरांनी आपणहून सांगितलं. "मी पहिल्यांदा लागलो ना, डोंगराकडच्या शाळेत, तेव्हा एकटा होतो. पोरांची बोली वेगळी, माझी वेगळी. मी बोलायचो, ती बघायची. कोणाला विचारलं असतं तर म्हणाले असते, शिकून आलास ना, मग? म्हणून विचारलं नाही. महिनाभर पोरांना मासे कसे पकडतात तेच सांगत बसलो, कारण ते तरी मला येत होतं. एक मुलगी होती, हुशार. ती यायची बंद झाली. घरी गेलो तर आई म्हणाली, तिला तुमचं काय कळत नाही, तिला वाटतं ती ढ आहे. परत आली नाही ती. ढ मी होतो मॅडम, आणि नाव तिला लागलं."

एवढं बोलून त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. मी बोंबलांची चौकशी केली.

पूनमच्या जिभेला हाड नव्हतं. आठवड्यात सगळ्या तालुक्याला कळलं. आणि मग एक गंमत झाली. सात वाजता सरांचा प्रश्न आला की खाली उत्तराच्या आधी विचारणा, "कोणाचा प्रश्न सर?" आणि हसण्याची चित्रं. मग एका गुरुजींनी धीर करून लिहिलं, "माझा आहे." कोणी त्यांना खाल्लं नाही. मग दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्याच नावानं विचारलं, आणि खाली सरांचंच वाक्य घातलं, मला जमत नाही. मग तिसऱ्या बाईंनी. ते वाक्य म्हणजे आमच्याकडे फॅशनच झाली. जे कोणी आपला फोटो सूर्यासमोर छापत होते, ते सुद्धा लिहायला लागले, अपूर्णांक, मला जमत नाही. ग्रुप कधी नव्हता इतका कामाचा झाला.

सर खूष होते. निदान तसं म्हणायचे. "बघा मॅडम, भरती आली." पण त्यांना येणारे फोन थांबले. संध्याकाळी सात वाजता विचारायला त्यांच्याकडे काही उरेना. कधी कधी मी ग्रुप उघडला की सरांचा मेसेज नुसता, "सर्वांचे प्रश्न वाचले. छान आहेत."

फेब्रुवारी अखेर सर निवृत्त व्हायचे होते. त्याच्या थोडं आधी, सातच्या सुमारास, बऱ्याच दिवसांनी त्यांचा प्रश्न आला.

"प्रश्न: एक शिक्षक निवृत्त होत आहे. सकाळी साडेदहा वाजता घरी काय करतात? कोणी सांगेल का?"

लोकांनी धमाल उडवून दिली. "कोणाचा प्रश्न सर?" "झाईच्या गुरुजींचा दिसतोय, तेही यंदाच सुटतायत." "त्यांना सांगा, नातवंडांना खेळवा." "चारधाम करा म्हणावं." "सकाळी फिरायला जावं, घरातली झाडं बघावी, हरिपाठ म्हणावा." सरांनी प्रत्येकाला नाव घेऊन लिहिलं, "आभारी आहे. त्यांना सांगतो."

मी घोलवडला ओट्यावर बसून हे वाचत होते. साडेदहाला आमच्या शाळेची घंटा होते. घरात कोणीतरी टीव्ही लावला होता. एवढ्या सगळ्यांत एकाच्याही लक्षात येऊ नये? आजवर दुसऱ्यांचे प्रश्न आपल्या नावावर घातले त्या माणसानं, आणि पहिल्यांदा स्वतःचा प्रश्न आला तो दुसऱ्याच्या नावावर घातला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला स्वतःचाच राग आला.

निरोप समारंभ झाला. साहेबांनी शाल दिली आणि भाषण करताना दोनदा अडखळले. सोनीबाई रडल्या. पोरांनी सरांना चिंचोके दिले, पाटीभर, न भाजलेले. सर वाढवणला भावाकडे राहायला गेले. मी शाळेत एकटी. सरांच्या जागी अजून कोणी आलं नव्हतं, कधी येणार ते कोणाला माहीत नव्हतं. चार वर्ग आणि मी. दुपारी काठी भिंतीला टेकून उभी असायची. कोणाला ती उचलावीशी वाटत नव्हती, मलाही नाही.

आणि मग ग्रुपवर अहवाल यायला लागले. साहेबांनी सरांना ग्रुपवरून काढू दिलं नव्हतं, आणि सर नियमाचे. सल्ले घेतले म्हणजे करून बघून सांगायला हवं. पण ज्या निवृत्त शिक्षकाचा प्रश्न होता, त्याचं नाव मात्र अजून गुप्त.

"सदर शिक्षकांनी सकाळी किनाऱ्यावर फिरून बघितलं. आठ वाजता परत आले. साडेदहाला वेळ होता."

"झाडांना पाणी घातलं. झाडं तीन आहेत."

"भावाच्या ओट्यावर लोक वाढवणला होऊ घातलेल्या बंदराबद्दल बोलत होते. ऐकलं. सर्व मुद्दे पूर्वी ऐकलेले आहेत."

"नातवंडांना खेळवणं जमण्यासारखं नाही. आभारी आहे."

लोक खाली हसण्याची चित्रं टाकत होते. एकानं लिहिलं, "सर, कोण आहेत हे गुरुजी, फार विनोदी आहेत." मग जे आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. ग्रुपवर लिहिलं.

"प्रश्न: एका शिक्षिकेकडे चार वर्ग आहेत. तिसरी-चौथीची मुलं साडेदहा वाजता दारात बघत बसतात. माझ्याकडे बघत नाहीत. काय करावं? मला जमत नाही. पागधरे सरांनी प्रत्यक्ष येऊन दाखवावं."

लगेच खाली आलं, "कोणाचा प्रश्न मॅडम?"

मी लिहिलं, "माझा. चुरी."

थोड्या वेळानं सरांचा फोन आला. ग्रुपवर नाही, मला. मागे समुद्राचा आवाज येत होता. सर म्हणाले, "मॅडम, खरं सांगा. हा तुमचाच आहे ना? का माझ्यासाठी घातलात?"

खरं तर एरवी मी त्यांना झापलं असतं. दहा वर्षं त्यांच्या शेजारच्या वर्गात बसून, त्यांच्या नावानं खडे फोडून, त्यांचे बोंबील खाऊन मी एकदाही म्हटलं नव्हतं, की सर, तुम्ही आहात म्हणून शाळेत यावंसं वाटतं. ते फोनवर म्हणायलाही मला संकोच वाटला.

"माझाच आहे सर," मी म्हटलं. "हातचा मला येतो. बाकी सगळं येतं. पण तुम्ही नसताना घंटा वाजवायला मला जमत नाही."

मग सर म्हणाले, "बोंबील आणू का थोडे?"

दुसऱ्या दिवशी मी शाळेत पोचले तेव्हा सर अंगणात होते. वाढवणवरून पहिल्या गाडीनं निघून ते तासभर आधीच आलेले. साडेदहा वाजायला वेळ होता, म्हणून पोरांबरोबर अंगण झाडत होते, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली. पोरांनी घंटा त्यांच्याच हातात दिली. दुपारी सोनीबाईंनी चुलीपासून ओरडून विचारलं, "गुरुजी, गुजरात गेला काय?"

सर काठी धरून उभे होते. "गेला," म्हणाले, आणि फोन उतरवून मला माझ्या प्रश्नाची उत्तरं एकेक करून वाचून दाखवली.